लाकडी डब्याचा मूळ रंग कोणता? आधी साल ठरवा

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्या वडिलांनी पुष्कळ वर्षांपूर्वी भंगारात निघालेला रेल्वेचा एक जुना डबा घेतला आणि चाकं काढून नुसती पेटी ट्रकवरून बागेत आणून ठेवली. इतकी वर्षं त्यात आंब्याच्या पेट्या आणि आढीचा पेंढा राहिला. आता त्यांना डबा "होता तसा" करायचा आहे. दाराशेजारच्या पत्र्यावर खरवडलं तेव्हा वरून खाली निळा (हा वडिलांनी मारलेला), मरून, परत मरून, हिरवा आणि तळाला शेंदरी असे थर निघाले. एक रंगारी चॉकलेटी म्हणतो, दुसरा हिरवा म्हणतो, घरातले वडीलधारे मरूनवर ठाम आहेत. एक जुना कृष्णधवल फोटो आहे, त्यात डबा काळपट दिसतो. "मूळ रंग कोणता, आणि दुकानात कोणता नंबर सांगू?" असं त्यांनी विचारलं आहे.

मी ब्रश धरायला शिकलो तो रेल्वेच्या वर्कशॉपातल्या पेंट शॉपमध्ये. निवृत्त होऊन गावी आल्यापासून जुने डबे, बग्ग्या, देवळांची लाकडी छतं यांचे रंग तपासून द्यायचं काम करतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. दुकानातला नंबर या उत्तराच्या अगदी शेवटी येतो, आणि त्याआधीची कामं टाळली तर तो नंबर कितीही अचूक असला तरी डबा खोटा दिसतो.

शेंदरी थराबद्दल शंका नाही, म्हणून तो आधी निकालात काढतो. तो शेंदूरच आहे. मारुतीला तेलात कालवून लावत आले तोच, म्हणजे शिशाचा ऑक्साईड. लोखंडाला गंज धरू नये म्हणून पत्र्याला पहिला हात शेंदराचा देत. तो कधीच दिसण्यासाठी नव्हता. तुम्ही पत्र्यावर खरवडलंत म्हणून शेंदरी लागला. तोच प्रयोग शेजारच्या सागवानी पट्टीवर करून बघा, तिथे तळाला फिकट गुलाबी अस्तर निघायची शक्यता जास्त. लाकडासाठी सफेद्यात, म्हणजे शिशाच्या सफेद रंगात, थोडासा शेंदूर घालून बेलतेलात, म्हणजे जवसाच्या तेलात, अस्तर बनवायची जुनी रीत होती. लाकडावर गुलाबी आणि लोखंडावर शेंदरी अशी जोडी सापडली तर एक गोष्ट पक्की होते: तुम्ही खरोखर तळाला पोचला आहात आणि पत्रा नंतर कधीतरी बदललेला नाही. पत्रा बदललेला असेल तर त्याच्या तळाचा थर हा डब्याच्या जन्माचा नसून दुरुस्तीच्या दिवसाचा असतो. पुष्कळ लोक इथेच फसतात.

आता "मूळ रंग" या शब्दाकडे येतो. तीस-चाळीस वर्षं धावलेल्या डब्याला मूळ रंग एकच नसतो. पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, वर्कशॉपात आला की त्याला रंगाचा हात मिळे. मालक बदलला की अक्षरं बदलत, वर्ग बदलला की आकडे बदलत, कारखान्यात नवी पद्धत आली की रंगाची जातच बदले. दख्खनच्या राणीचं उदाहरण घ्या. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरच्या पेट्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात बांधल्या. सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. एकच गाडी, एकच साल, एकच कारखाना, तरी रंग दोन. पुढे १९६६ मध्ये या गाडीला पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे पोलादी डबे आले आणि जुने डबे बाजूला झाले. आता त्या पहिल्या रेकमधला एखादा डबा कुणाच्या अंगणात असता आणि त्याने "मूळ रंग कोणता" असं विचारलं असतं, तर मला उलट विचारावं लागलं असतं की कोणत्या रेकचा आणि कोणत्या सालचा. तुम्हालाही तेच विचारतो आहे. डबा १९३५ सालचा दाखवायचा आहे, १९६० सालचा, की भंगारात निघाला त्या दिवशीचा? तिन्ही उत्तरं प्रामाणिक असू शकतात. पण १९३५ चा रंग, १९६० ची अक्षरं आणि आजची चकाकी असा डबा कधीच कुठे धावला नव्हता, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी नेमका तोच बघायला मिळतो.

डबा कुणाचा होता हे कळल्याशिवाय साल ठरत नाही. त्यासाठी आधी टेप घ्या आणि पेटीची रुंदी मोजा. मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांवरचा, डबा साधारण ९ फूट रुंद असतो, ब्रॉड गेजचा, म्हणजे रुंद रुळांवरचा, १० फूट किंवा त्याहून जास्त. जीआयपीच्या मुख्य मार्गावर ब्रॉड गेज होता. पुणे-मिरज-लोंढा ही बाजू आणि तिथून गोव्यात मुरगावला उतरणारी लाइन मीटर गेजची होती, आणि ती बरीच वर्षं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या कारभारात होती. देवगडला दोन्हीकडचा डबा येऊ शकतो. मुंबईहून येणारा ट्रक असेल तर एक, घाट उतरून आला असेल तर दुसरा. रुंदीच्या एका आकड्याने निम्मा प्रश्न सुटतो.

दुसरा पुरावा अक्षरांचा. रेल्वेच्या इतिहासातल्या काही तारखा अशा आहेत की त्या रंगाच्या थरांवर खिळ्यासारख्या ठोकता येतात. जीआयपी जाऊन मध्य रेल्वे आणि बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) जाऊन पश्चिम रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ ला. एमएसएम, म्हणजे वरची मद्रास अँड सदर्न मराठा, दक्षिण रेल्वेत गेली त्याच वर्षी १४ एप्रिलला. ज्या थरावर "मध्य रेल्वे"ची अक्षरं आहेत तो थर १९५१ च्या आधीचा असूच शकत नाही. वर्गांचंही तसंच. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि इंटर क्लासला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वर्गाला, दुसरा. तिसरा वर्ग १९७४ पर्यंत टिकला. दाराजवळ रोमन तीनचा आकडा सापडला तर तो थर १९७४ च्या अलीकडचा नाही.

ही अक्षरं आज दिसत नाहीत असं तुम्ही म्हणाल. दिसतात, फक्त दिवसा दिसत नाहीत. अमावस्येच्या आसपास, अंधार पडल्यावर एक चांगला टॉर्च घ्या आणि तो पत्र्याला गाल टेकवावा तसा आडवा लावा, म्हणजे उजेड पत्र्यावरून घसरत गेला पाहिजे. समोरून मारलेल्या उजेडात पत्रा सपाट दिसतो. आडव्या उजेडात ब्रशचे फराटे, लांबी (पुट्टी) भरलेले खड्डे, खिळ्यांची डोकी आणि जुन्या अक्षरांच्या कडा वर उठून येतात. अक्षरं रंगवताना तिथे रंगाचे एक-दोन हात जास्त बसलेले असतात. वरून दहा वेळा रंग मारला तरी तो उंचवटा पूर्ण बुजत नाही. गेल्या हिवाळ्यात एका डब्यावर आम्ही तिघं असं करत होतो. दीड तास काही दिसलं नाही. मग टॉर्च खालच्या बाजूने वर धरला आणि खिडक्यांच्या पट्टीखाली हाताएवढं "III" उभं राहिलं, सावलीची बाजूसुद्धा वेगळी कळत होती. आकड्याच्या डाव्या अंगाला रेघ जरा थरथरलेली होती. ज्या पेंटरने ती ओढली त्याचा हात तिथे टेकायला जागा नव्हती, मधे दाराची मूठ येत होती. अशा वेळी रंग खरवडायची घाई आपोआप निघून जाते. जिथे अक्षर सापडेल तिथे खडूने हलकी खूण करा, फोटो काढा, आणि त्या जागेवर ब्लेड लावू नका.

वडीलधारे मरून म्हणतात ते चुकीचं नाही. त्यांनी पाहिलेला डबा मरूनच होता. स्वातंत्र्यानंतरच्या पोलादी डब्यांवर मरून इतका सरसकट होता की दोन पिढ्यांच्या डोळ्यांत रेल्वे म्हणजे मरून असंच बसलं, जसा एसटीचा लाल डबा बसला. ९० च्या दशकात निळा आला, नंतर आणखी रंग आले. आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रोह्याच्या खाली रूळच नव्हता. कोकण रेल्वेची सलग वाहतूक सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. म्हणजे देवगडच्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतली आगगाडी ही मुंबईतली किंवा घाटावरची, बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटं फलाटावर पाहिलेली आणि बहुतेक १९५० नंतरची. ती आठवण वरच्या दोन मरून थरांची साक्ष देते. हिरव्याबद्दल ती काही सांगू शकत नाही, कारण तो थर ते जन्मायच्या आधीच झाकला गेला असू शकतो. त्यांना रंग विचारू नका. डबा आला त्या दिवशी दारावर काय लिहिलेलं होतं, आतल्या फळ्या पिवळट होत्या की पांढऱ्या, ट्रक कुठून आला, हे विचारा. अशा गोष्टी माणसं रंगापेक्षा नीट लक्षात ठेवतात.

फोटोबद्दल मात्र सावध राहा. जुन्या काचेच्या प्लेटी आणि सुरुवातीच्या फिल्मा सगळे रंग सारखे पाहत नसत. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून लाल, मरून, शेंदरी हे सगळं काळं येतं. निळा उलट फिकट येतो, आकाश तर पांढरं होतं. दख्खनच्या राणीचा तो रुपेरी रेक अशा फिल्मवर काढला तर लाल पट्ट्या काळ्या दिसतील, आणि निळा रेक प्रत्यक्षापेक्षा बराच उजळ वाटेल. अमेरिकेतल्या जुन्या डब्यांवर काम करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा तांबूस टस्कन रेड आणि पुलमन कंपनीचा गडद शेवाळी हिरवा, जुन्या फोटोत दोन्ही काळपटच. तुमच्या फोटोतला काळपटपणा मरूनचा आहे की गडद हिरव्याचा, हे फोटो पाहून कुणीही सांगू शकणार नाही. फोटोतून दुसरं पुष्कळ मिळतं: रंगाची सीमा कुठे होती, खिडकीखाली रेघ होती का, छप्पर अंगापेक्षा उजळ होतं का, अक्षरं किती उंच होती. पत्र्याची रुंदी मोजली असेल तर फोटोवर पट्टी ठेवून अक्षरांची उंची इंचात काढता येते. घरात रंगीत फोटो असतील तर त्यांच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. जुन्या रंगीत प्रिंटांतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो गुलाबी-तांबूस होतो. अशा फोटोत चॉकलेटी डबासुद्धा मरून वाटतो.

आता तुमच्या रंगाऱ्याने सांगितलेल्या चॉकलेटीबद्दल. तो कुठून आला हे मला साधारण कळतं आहे, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. किनाऱ्यावरच एका ठिकाणी जुना डबा उपाहारगृहासाठी नटवायचा होता. मला बोलावलं तेव्हा निम्मा डबा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने पुसून झाला होता. मालक आनंदात होते, कारण वरचे थर सुटून खालचा "मूळ तपकिरी" मिळाला होता आणि त्याप्रमाणे रंगाचे डबेही आणून ठेवले होते. मी खिडकीखालची एक लाकडी गोट पट्टी सोडवली. पट्टीच्या मागे, जिथे सोडा पोचला नव्हता, तिथे स्वच्छ गडद हिरवा होता. पट्टीच्या कडेला बोटभर जागेत हिरव्याचा तपकिरी होताना दिसत होता, जणू पान वाळत जावं तसा.

यामागचं कारण साधं आहे. त्या काळातला गडद हिरवा पुष्कळदा प्रशियन ब्ल्यू आणि क्रोम यलो मिसळून बनत असे, त्याला ब्रन्सविक ग्रीन म्हणत. प्रशियन ब्ल्यूला क्षार सोसत नाही. सोडा लागला की निळा मोडतो आणि मागे लोखंडाचा गंजासारखा तपकिरी उरतो. क्रोम यलो त्याच सोड्याने नारिंगीकडे झुकतो. दोन्ही मिळून झकास चॉकलेटी तयार होतो, आणि तो कधीच कुणी रंगवलेला नसतो. त्या मालकांना मी हे दाखवलं. त्यांनी उरलेल्या भागावर सोडा थांबवला, पण आणलेला तपकिरीच मारला, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. गोट पट्टीमागचा तो हिरवा आजही तपकिरीखाली आहे, एवढंच समाधान. म्हणून तुमच्या रंगाऱ्याला एकच विचारा: चॉकलेटी दिसला ती जागा सोड्याने किंवा चुन्याने धुतली होती का? आपल्याकडे चुना सगळीकडे असतो. डबा कधी चुन्याने सफेद केला असेल, भिंतीचा चुना उडाला असेल, तरी हेच होतं.

थर उघडायची रीत सांगतो. नवं सर्जिकल ब्लेड, ४००, ८०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी आणि दहापट भिंग एवढं पुरतं. आधी ब्लेडने रुपयाएवढी जागा मधोमध तळापर्यंत उघडा. मग ओल्या कागदाने गोल गोल, बाहेरच्या बाजूला उतार देत घासा. हळूहळू कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसू लागतात, प्रत्येक वलय एक थर. पाणी सोडू नका, कोरडं घासू नका. तळाचा शेंदूर आणि सफेदा ही दोन्ही शिशाची आहेत, हिरव्यातला क्रोम यलोही शिशाचाच. ती धूळ श्वासात गेली तर रक्तात जाते आणि लहान मुलांना तिचा त्रास सर्वांत जास्त होतो. खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला साधं फडकं न बांधता धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, गाळ गोळा करून बंद डब्यात ठेवा आणि त्या दिवशी तिथे मुलं किंवा गुरं येऊ देऊ नका. या डब्यात आंब्याच्या आढ्या घालत होतात. आतला रंग सुटत असेल तर काम होईपर्यंत तिथे फळ ठेवू नका.

अशी वलयं एका जागी नाही, निदान सहा जागी उघडा. निवडताना ऊन-पाऊस न लागलेल्या जागा शोधा: बिजागरीच्या पानाखाली, नंबर प्लेटच्या मागे, छपरावरच्या व्हेंटिलेटरच्या बुडाशी, पन्हळीच्या आत, दाराच्या चौकटीच्या ज्या बाजूला दार बंद असताना टेकतं तिथे. पश्चिमेकडची बाजू सर्वांत जास्त विटलेली असणार, तिथला नमुना शेवटी घ्या.

वलयांत रंगापेक्षा रंगांमधल्या रेघा वाचायच्या असतात. दोन रंगांच्या मध्ये मळाची बारीक काळी रेघ असेल तर खालचा रंग काही काळ उघडा राहून धावला आहे. रेघ नसेल, आणि खालचा थर मॅट, पातळ, वरच्याला घट्ट चिकटलेला असेल, तर तो बहुधा अस्तर आहे, दोन्ही एकाच आठवड्यात मारलेले. तुमचा हिरवा अस्तर आहे की खरा रंग, याचा निकाल या रेघेवर आहे. कोकणातल्या डब्याला एक सोय आहे. तुमच्या निळ्या आणि वरच्या मरूनच्या मध्ये जी रेघ असेल ती लालसर निघेल, कारण ती बागेतल्या जांभ्याच्या मातीची. मरून आणि हिरव्याच्या मधली रेघ काळी-तपकिरी असेल तर ती वाफेच्या इंजिनाच्या काजळीची आणि ब्रेकच्या बिडाच्या भुकटीची, म्हणजे डबा रुळावर होता तेव्हाची. लाल माती आणि काळी काजळी यांच्यात गल्लत होत नाही. हिरव्याच्या वर काजळी सापडली आणि त्यावर पिवळसर काचेसारखा वार्निशचा थरही असला, तर माझ्या मते तुमचा डबा एके काळी हिरवा धावला. काजळी नसेल तर हिरवा हे मरूनखालचं अस्तर समजा आणि मरूनच धरा.

याहून पुढचं प्रयोगशाळेत होतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, सगळे थर धरून, रेझिनमध्ये बसवून कापतात, घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अतिनील प्रकाशात वार्निश वेगळं चमकतं. एक्स-रेच्या यंत्राने कोणत्या थरात शिसं आहे, कोणत्यात क्रोमियम, कोणत्यात टायटॅनियम, हे कळतं. टायटॅनियमचा सफेद रंग साधारण १९२० च्या आधी बाजारात नव्हताच, त्यामुळे तो सापडलेला थर त्यानंतरचा. तुमच्या डब्यासाठी मी हा खर्च लगेच करायला सांगणार नाही. सहा वलयांवर आपला निकाल लागला नाही तरच. पण प्रत्येक जागेचा एक तुकडा कागदाच्या पुडीत, जागा आणि तारीख लिहून, ठेवून द्या.

रंग जुळवण्याची घाई वलय उघडल्या दिवशी करू नका. जवसाच्या तेलातला रंग अंधारात झाकलेला राहिला की पिवळा आणि काळपट पडतो. उघडून उजेडात पंधरा दिवस ते महिनाभर ठेवला तर त्यातला बराच पिवळेपणा उतरतो. मी उघडलेल्या जागेवर निम्मा भाग झाकून ठेवतो आणि महिन्याने कागद काढतो, फरक कुणालाही दिसतो. त्यावर वार्निश असेल तर आणखी एक भूल पडते. जुनं वार्निश पिवळं होतं, मग निळा हिरवट वाटतो आणि पांढरी अक्षरं सायीसारखी. एका कोपऱ्यात वार्निश हळूच उतरवून खालचा रंग बघावा लागतो.

दुकानातलं यंत्र नमुना वाचून बाटल्यांतले रंग मिसळून देतं, आणि ते चांगलं काम करतं. पण ते आजचे रंगद्रव्य वापरतं, तुमच्या नमुन्यातले नाही. त्यामुळे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग बागेत सावलीला वेगळा दिसू शकतो. म्हणून आधी फक्त अर्धा लिटर घ्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या पत्र्यावर मारा, वाळू द्या, आणि तो पत्रा डब्याला उभा टेकवून सकाळी, भर दुपारी सावलीत आणि रात्री पिवळ्या बल्बखाली बघा. तिन्ही वेळा जुळला तर तो रंग घ्या. नखाएवढ्या चिठ्ठीवर जो गडद वाटतो तो पन्नास फुटी डब्यावर उजळ आणि भडक होतो, हे मी पेंट शॉपमध्ये इतक्या वेळा पाहिलं आहे की शंका आली की मी नेहमी एक छटा गडद घेतो. भारतीय मानकांच्या आयएस ५ या रंगपत्रिकेतला जवळचा नंबर नोंदवून ठेवा, कारण कंपन्यांच्या शेड कार्डांवरची नावं बदलत राहतात आणि दहा वर्षांनी पुन्हा हात मारताना तेच नाव मिळेल याची खात्री नसते.

चकाकीही रंगाचाच भाग आहे. पीयू (पॉलीयुरेथेन) रंग आजकाल सगळेच सुचवतात. मोटारीवर तो छान दिसतो. सागवानी सांगाड्यावर मला तो नको वाटतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लाकूड जूनमध्ये फुगतं आणि मार्चमध्ये आखडतं. पीयूचा कडक पापुद्रा त्याच्याबरोबर हलत नाही, सांध्यावर चिरतो आणि चिरेतून पाणी आत जातं. ब्रशने मारलेलं साधं सिंथेटिक एनॅमल, पातळ दोन-तीन हात, दर दोन हातांच्या मध्ये ओल्या कागदाने घासणं, याने जुन्या डब्याची खोली येते आणि दुरुस्तीही सोपी जाते.

काम दिवाळीनंतर सुरू करा, फेब्रुवारीच्या आत आटपा. रंग मारण्याआधी अख्खा डबा गोड्या पाण्याने दोनदा धुवा. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर मिठाचा थर बसलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण जिभेला कळतो. मीठ राहिलं तर सर्वांत महाग रंगालाही वर्षभरात फोड येतात. सकाळी दव उडेपर्यंत ब्रश उचलू नका आणि चार-साडेचारनंतरचा हात टाळा, नाहीतर रात्रीच्या दवाने चकाकी मरते. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी सुट्टी घ्या.

अक्षरांबद्दल एक विनंती. तुमच्या ओळखीतल्यांनी डब्यावर "कोकण रेल्वे" लिहायचं सुचवलं आहे, असं तुमच्या प्रश्नात आहे. नका लिहू. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये, तोवर असे लाकडी डबे मुख्य मार्गांवरून कधीच उतरले होते. हा डबा त्या रुळांवर धावला नाही. त्याच्या खऱ्या मालकाची अक्षरं टॉर्चखाली सापडली तर तीच, त्याच जागी, त्याच मापात लिहा. सापडली नाहीत तर पाटी कोरी ठेवा. कोरी पाटी खोटं बोलत नाही आणि पुढे कुणाला पुरावा मिळाला तर ती भरता येते.

आणि सगळा जुना रंग काढू नका. दाराच्या आतल्या अंगाला वीतभर रुंद, छपरापासून जोत्यापर्यंतची एक उभी पट्टी निळ्यासकट आहे तशी राहू द्या. वडिलांनी मारलेला तो निळाही या डब्याचा एक थर आहे, आंब्याच्या पेट्यांच्या वर्षांचा. त्या पट्टीवर नुसतं पारदर्शक वार्निश मारा आणि शेजारी लहान चिठ्ठीवर थरांची यादी लिहा.

तूर्त एवढं करा: पेटीची रुंदी मोजा, अंधाऱ्या रात्री टॉर्च लावा, आणि बिजागरीखाली पहिलं वलय उघडा. फोटो सावलीत काढा, चौकटीत एक कोरा पांढरा कागद आणि एक फूटपट्टी ठेवा, म्हणजे मला रंग आणि माप दोन्ही कळतील. हिरव्याच्या वरची रेघ काळी आहे की नाही, ती जागा भिंगातून दिसेल इतकी जवळून घ्या.